घरची चित्रशाळा आणि तिची परिभाषा

गेल्या दसऱ्यास आमच्या घरीं दूरचित्रवाणीचा नवा संच आला. त्याच्यासमवेत सहा लहानमोठ्या पेट्या, तारांचीं भेंडोळीं आणि बारीक अक्षरांत छापलेली एक जाड पुस्तिकाहि आली. आमची बेगडेवाडी म्हणजे पुणें-लोणावळा लोहमार्गावरील एक लहानसें स्थानक. देहूरोड मागें टाकून लोकल तळेगांवाकडे निघाली कीं मध्यें लागतें. परंतु लहान वस्तींतहि आतां अशी सामग्री घरोघर दिसूं लागली आहे, व तिला सर्वजण 'होम थिएटर' म्हणतात. आमच्या धाकट्या बंधूंच्या मुलानें आपल्या शिलकेंतून ती घेतली. सर्व घरानें एकत्र बसून चित्रपट पाहावा, हा त्याचा हेतु; आणि तो आम्हांस मनापासून आवडला होता.

आमचें कुटुंब एकत्र. आम्ही दोघे बंधु, उभयतांच्या गृहिणी, मुलें, सुना, नातवंडें, आणि या सर्वांच्या शिरावर आमच्या मातोश्री. त्यांना सत्त्याऐंशीवें वर्ष चालू आहे. कार्तिकी एकादशीस प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' लावावयाचा असें ठरलें. देहू आमच्यापासून हांकेच्या अंतरावर. शिवाय मातोश्रींनीं हा बोलपट बालपणीं वडिलांच्या मांडीवर बसून तंबूंत पाहिलेला. त्या मोठ्या उत्साहानें पुढें बसल्या. दहा मिनिटें झालीं असतील-नसतील तोंच त्या म्हणाल्या, "अरे, तुकोबा इतके लठ्ठ कधीं झाले? आणि ते विहिरींत उतरून कां बोलताहेत?" मुलें हंसलीं. मातोश्री उठल्या आणि आपल्या खोलींत जाऊन जप करीत बसल्या.

पुढें तेंच होत राहिलें. नवा चित्रपट लावावा, तर त्या म्हणत, "शब्द कळत नाहींत, गडगडाट तेवढा कळतो." मग त्यांनीं बैठकींत येणेंच सोडलें. घरांत सर्वांचा समज झाला कीं आजींना ऐकूं येईनासें झालें. पुतण्या प्रेमळ आहे. तो एके दिवशीं म्हणाला, "काका, आजीच्या खोलींत एक लहान टीव्ही बसवून देऊं. तिला हवें तें तिनें पाहावें." मातोश्री यावर "बरें" एवढेंच म्हणाल्या. त्या 'बरें'मुळें आम्हांस रात्रभर झोंप आली नाहीं. ज्या घरांत सत्तर वर्षें पंक्तीला कोणी वेगळें बसलें नाहीं, त्या घरांत सर्वांत वडील माणसाची पंक्ति एका यंत्राकरितां निराळी होणार, हें आम्हांस कांहीं केल्या रुचेना. आम्हीं पुतण्याजवळ आठ दिवसांची मुदत मागितली व ती जाड पुस्तिका उशाशीं घेतली.

वाचकहो, आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. विद्युच्छास्त्राशीं आमचा संबंध दिवा लावण्यापुरता. परंतु चाळीस वर्षें मुलांना संस्कृत शिकविलें असल्यामुळें शब्दाचा अर्थ कसा शोधावा, एवढें आम्हांस ठाऊक आहे. आपल्या नैयायिकांनीं लक्षणाचे, म्हणजे व्याख्येचे, तीन दोष सांगितले आहेत. 'शिंगें असते ती गाय' म्हटलें तर म्हैसहि गाय ठरेल, ही अतिव्याप्ति. 'तांबूस असते ती गाय' म्हटलें तर पांढरी गाय वगळली जाईल, ही अव्याप्ति. 'एका खुराची ती गाय' म्हटलें तर अशी गाय जगांत मिळणारच नाहीं, हा असंभव. त्या पुस्तिकेंतील आणि दुकानदाराच्या तोंडचे शब्द आम्हीं या तीन चाळण्यांतून चाळले, आणि आमच्या ध्यानांत आलें कीं हे शब्द म्हणजे वस्तूला दिलेल्या पदव्या नव्हेत. तीं मापें आहेत. माप कशाचें तें कळल्याशिवाय वस्तु घेऊंहि नये व वापरूंहि नये.

प्रथम चित्राचे शब्द घेऊं. 'रेझोल्यूशन' म्हणजे चित्र ज्या ठिपक्यांचें बनतें त्यांची संख्या. रांगोळींत ठिपके जितके दाट, तितकी आकृति रेखीव, तसेंच हें. आपल्या देशांत दूरचित्रवाणी १९५९ सालीं दिल्लीस व १९७२ सालीं मुंबईस सुरू झाली. त्या पद्धतींत चित्राच्या ६२५ रेघा असत, पैकीं प्रत्यक्ष चित्र ५७६ रेघांचें. आजच्या 'फुल एच. डी.' चित्रांत आडवे १,९२० व उभे १,०८० ठिपके असतात, गुणाकार २०,७३,६००. 'फोर के' चित्रांत आडवे ३,८४० व उभे २,१६०. गुणाकार ८२,९४,४००, म्हणजे बरोबर चौपट. येथें एक गंमत आहे. '१०८०' हें नांव उभ्या संख्येवरून पडलें आणि 'फोर के', म्हणजे चार हजार, हें नांव आडव्या संख्येवरून. तेंहि पुरें चार हजार नव्हे. दोन मापें दोन वेगळ्या बाजूंनीं घेतलेलीं असल्यामुळें ग्राहकाचा घोंटाळा होतो. त्यांतहि अतिव्याप्ति अशी कीं, कित्येक स्वस्त प्रक्षेपकांच्या खोक्यावर 'फोर के सपोर्ट' असें लिहिलेलें असतें. त्याचा अर्थ एवढाच कीं, तें यंत्र फोर के चित्र आंत घेऊं शकतें. बाहेर दाखवितांना ठिपके त्याच्याजवळ असतील तितकेच दाखवितें. म्हणून विचारावयाचें तें असें: 'यंत्राचे स्वतःचे ठिपके किती?' या स्वतःच्या संख्येस 'नेटिव्ह रेझोल्यूशन' म्हणतात.

दुसरा शब्द 'आस्पेक्ट रेशो', म्हणजे चित्राच्या रुंदीचें उंचीशीं प्रमाण. तुकोबा लठ्ठ कां झाले, याचें उत्तर या एका शब्दांत आहे. 'संत तुकाराम' हा १९३६ सालचा बोलपट. प्रभात कंपनी १९२९ सालीं कोल्हापुरास निघाली व १९३३ सालीं पुण्यास आली. तिच्या त्या आवारांत आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. दामले व फत्तेलाल यांनीं दिग्दर्शित केलेला व विष्णुपंत पागनिसांनीं तुकोबांची भूमिका केलेला हा चित्रपट १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत गौरविला गेला. त्या काळीं बोलपटाचें चित्र जवळजवळ चौरसाकडे झुकणारें, सुमारें ४ रुंद व ३ उंच असें असे. आजचे संच १६ रुंद व ९ उंच असतात. नऊ भाग उंचीच्या पडद्यावर ४ : ३ प्रमाणाचें चित्र बारा भाग रुंद बसतें, उरलेले चार भाग, डावीकडे दोन व उजवीकडे दोन, काळे राहतात. हा काळेपणा मुलांना खपत नाहीं. मग रिमोटवरील 'स्ट्रेच' नांवाची कळ दाबून बाराचे सोळा करतात. उंची तेवढीच राहते आणि रुंदी एक-तृतीयांशानें वाढते. पागनिसांसारखा कृश, भावविभोर चेहरा मग पहिलवानासारखा दिसूं लागतो. कित्येक जण 'झूम' करतात. त्यांत माणूस लठ्ठ होत नाहीं, परंतु चित्राचा वरचा व खालचा भाग कापला जातो, आणि वर असतें पागोटें व खालीं असते वीणा! मातोश्रींनीं एका दृष्टिक्षेपांत जें ओळखलें, तें आम्हां शिकलेल्यांना महिनाभर दिसलें नाहीं.

याच्या उलट, १९५३ नंतर आलेल्या 'सिनेमास्कोप' पद्धतीच्या रुंद चित्रपटांत वर व खालीं काळ्या पट्ट्या येतात. आपल्याकडील पहिला असा चित्रपट म्हणजे १९५९ सालचा 'कागज़ के फूल'. दोन्ही ठिकाणीं नियम एकच: पट्ट्या दिसल्या तर समजावें कीं चित्र पूर्ण आहे. पुस्तिकेंत यासाठीं 'ओरिजिनल', 'जस्ट स्कॅन' किंवा '४ : ३' अशीं नांवें असतात, तीं शोधून एकदां लावून ठेवावींत.

तिसरा शब्द 'फ्रेम रेट'. बोलपट सेकंदास २४ चित्रें या गतीनें घेतलेला असतो. नवीन संच मधलीं चित्रें स्वतःच्या कल्पनेनें तयार करून ती गति वाढवितो, व त्यामुळें जुना चित्रपट आत्तांच आपल्या ओसरीवर काढल्यासारखा गुळगुळीत दिसतो. क्रिकेटच्या सामन्यास तें चालेल. अभिजात कलाकृतीस नको. 'मोशन' या शब्दानें सुरू होणारी ही कळ चित्रपटाच्या वेळीं बंद ठेवावी.

आतां ध्वनीकडे वळूं. मातोश्रींचें दुःख मुख्यतः येथलेंच होतें. आरंभीं 'डॉल्बी' हा शब्द. महाराष्ट्रांत त्याची जी गति झाली आहे, तिच्यासारखें अतिव्याप्तीचें उदाहरण सांपडणार नाहीं. विसर्जनाच्या मिरवणुकींत ट्रकवर भिंतीसारखे रचलेले, छाती दडपून टाकणारे कर्णे म्हणजे 'डॉल्बी', असें आपल्याकडे लहान मूलहि सांगेल. वास्तविक रे डॉल्बी हे अमेरिकन अभियंते. १९६३ ते १९६५ या काळांत ते युनेस्कोतर्फे भारत सरकारचे तांत्रिक सल्लागार म्हणून आपल्याच देशांत होते. येथून जाऊन १९६५ सालीं त्यांनीं लंडनमध्यें आपली प्रयोगशाळा काढली, आणि त्यांचें पहिलें मोठें कार्य कोणतें, तर ध्वनिफितींतील सूं-सूं असा अनिष्ट गोंगाट कमी करणें! ज्यानें गोंगाट घालविला, त्याच्याच नांवानें आम्ही गोंगाट ओळखतों. तेव्हां पेटीवर 'डॉल्बी' दिसलें म्हणजे मोठा आवाज असें समजूं नये. ध्वनि सांठविण्याच्या व वांटण्याच्या कांहीं विशिष्ट पद्धतींचें तें नांव आहे.

त्या वांटणीचा आंकडा म्हणजे 'फाइव्ह पॉइंट वन', ५.१. हा दशांश अपूर्णांक नव्हे. यांतील पांच म्हणजे पांच स्वतंत्र ध्वनिप्रवाह: पुढें डावा, उजवा व मधला, आणि श्रोत्याच्या बाजूस किंवा किंचित् मागें डावा व उजवा. टिंबानंतरचा एक म्हणजे केवळ खर्ज देणारी पेटी, 'सबवूफर'. ७.१ मध्यें मागें आणखी दोन येतात. ५.१.२ असा तिसरा आंकडा असेल, तर तो डोक्यावरून येणाऱ्या ध्वनीचा. ही 'अॅटमॉस' नांवाची पद्धति २०१२ सालीं प्रथम चित्रपटगृहांत आली. आमच्या घरीं सर्वांचें लक्ष मागच्या पेट्यांकडे. विमान पाठीमागून आलें कीं नातवंडें टाळ्या पिटीत. 'सराउंड म्हणजे मागचे स्पीकर' ही समजूत अव्याप्तीची आहे, कारण तींत सर्वांत महत्त्वाचा स्पीकर वगळला जातो. तो म्हणजे मधला, 'सेंटर'. चित्रपटांतील संवाद बहुतेक सगळे त्याच्या वांट्याला दिलेले असतात.

आणि येथें आम्हांस आमचा स्वतःचा अपराध कबूल केला पाहिजे. मधली पेटी पुतण्यानें योग्य ठिकाणीं, संचाच्या बरोबर खालीं ठेवली होती. "ही काळी पेटी समईजवळ शोभत नाहीं," असें म्हणून ती कांचेच्या कपाटांत, चांदीच्या भांड्यांच्या मागें, आम्हींच ठेवविली होती! संवाद कपाटांत कोंडले गेले आणि गडगडाट मोकळा राहिला. वडिलांच्या शब्दाबाहेर जाऊं नये म्हणून पुतण्या गप्प राहिला. तो बोलला असता तर बरें झालें असतें. आणि आम्हीं त्याला विचारलें असतें तर त्याहून बरें.

'वॅट' हा शब्द दुकानांत सर्वाधिक ऐकूं येतो, आणि असंभव दोषाचें उदाहरण तोच पुरवितो. एका दुकानांत आम्हांस खेळण्याएवढी पेटी दाखवून 'पांच हजार वॅट' असें सांगण्यांत आलें. पेटीच्या मागें पाहिलें तर ती वीज घेते ६० वॅट. जें घेतें त्याहून अधिक सतत देणारें यंत्र अद्यापि निघालेलें नाहीं. असे आंकडे 'पी. एम. पी. ओ.' या नांवाखालीं क्षणभराच्या काल्पनिक शक्तीचे असतात. खरें माप 'आर. एम. एस.', तेंच विचारावें. शिवाय दुप्पट वॅट म्हणजे दुप्पट आवाज नव्हे. आवाजाचें माप 'डेसिबल' आहे व तें गुणोत्तरानें चढतें. वॅट दुप्पट केले तर केवळ ३ डेसिबल वाढतात, आणि ती वाढ कानास जेमतेम जाणवते. आवाज दुप्पट वाटण्यासाठीं सुमारें १० डेसिबल, म्हणजे दसपट वॅट, लागतात. सामान्य बैठकीच्या खोलीस शंभर ऐवजीं दोनशें वॅट घेण्यांत पैसे तेवढे दुप्पट जातात.

आतां मुख्य गोष्ट. ध्वनि म्हणजे कंपनें. पाण्यांत खडा टाकला असतां लाटेमागून लाट उठते, तसा शब्द कानापर्यंत येतो, हा वीचीतरंगन्याय आपल्या नैयायिकांनीं फार पूर्वीं सांगितला आहे. एका सेकंदांत किती कंपनें होतात, हें 'हर्ट्झ' या मापानें सांगतात. तरुण कानास सामान्यतः २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकूं येतें. ८०-१०० हर्ट्झच्या खालचा खर्ज कोणत्या दिशेनें येतो तें कानास नीट कळत नाहीं, आणि तो भिंतींतूनहि आरपार जातो. आमच्याकडे मालगाडी जातांना तिची शिट्टी खिडकी लावली कीं मंद होते, पण तावदानांची थरथर थांबत नाहीं, तें याचमुळें. म्हणून सबवूफर कोठेंहि ठेविला तरी चालतो. मात्र भिंतीच्या कोपऱ्यांत ठेविला तर तो नसता जोर धरतो. आमचा कोपऱ्यांतच होता.

व्याकरणांत आपण स्वर व व्यंजन असा भेद शिकतों. स्वरांचें बळ बहुतांशीं खालच्या व मधल्या कंपनांत असतें. परंतु स, श यांसारख्या ऊष्म वर्णांचा सळसळाट कित्येक हजार हर्ट्झच्या प्रदेशांत असतो. वय झालें म्हणजे कानाचा वरचा प्रदेश प्रथम मावळतो. मग 'सात', 'हात' आणि 'भात' यांतला 'आत' तेवढा ऐकूं येतो. कोणता शब्द तें उमगत नाहीं. त्यांत खर्जाचा लोट आला तर उरलेलीं व्यंजनेंहि त्याखालीं झांकलीं जातात. वृद्ध माणूस म्हणतें, "आवाज येतो, पण कळत नाहीं," तें अक्षरशः खरें असतें. आणि आपण काय करतों? सगळाच आवाज चढवितों! त्यानें स्वर मोठे होतात, खर्ज मोठा होतो. व्यंजनें जेथल्या तेथेंच.

यावर उपाय दाखविणारे तीन शब्द पुस्तिकेंत आहेत. 'सेंटर लेव्हल' म्हणजे मधल्या पेटीचा स्वतंत्र आवाज. तो दोन-तीन डेसिबल वाढवावा, व सबवूफरचा तितकाच उतरवावा. 'डायनॅमिक रेंज' म्हणजे अगदीं हळू कुजबुज व अगदीं मोठा स्फोट यांतील अंतर. चित्रपटगृहांत तें मोठें असणें शोभतें; घरांत 'नाईट' ही कळ दाबली असतां तें कमी होतें, कुजबुज वर येते व स्फोट खालीं बसतो. तिसरा शब्द 'साउंड मोड', आणि विहिरीचें रहस्य यांतच होतें. आमच्या यंत्रावर 'हॉल' लावलेला होता. त्यामुळें प्रत्येक शब्दास यंत्र कृत्रिम घुमारा देत होतें. 'संत तुकाराम'चा ध्वनि हा चित्रफितीच्या कडेस एकाच ओळींत मुद्रित केलेला, म्हणजे 'मोनो'. दामले हे स्वतः प्रभातच्या ध्वनिविभागाचे धुरीण. त्यांनीं जें एका कर्ण्यासाठीं योजलें, त्यास पांच दिशांनीं घुमवून कांहीं लाभ नाहीं. जुन्या बोलपटास 'डायरेक्ट' ही साधी कळ पुरे.

घुमारा मूळचा खोलींतहि असतो. आमच्या शेजारच्या घोरवडेश्वराच्या लेण्यांत उभें राहून ओंकार म्हणावा. तो उघड्या पाषाणावर आपटून कितीतरी वेळ फिरत राहतो. तेथें तें रमणीय वाटतें. पण त्या लेण्यांत कोणी भराभर संवाद म्हणूं लागला तर एका शब्दाची शेपटी दुसऱ्याच्या तोंडावर पडेल. आमची बैठक म्हणजे गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती व कांचेचीं कपाटें. लहानसें लेणेंच तें. सूनबाईंनीं माळ्यावरची जाड सतरंजी अंथरली व खिडकीस दुहेरी पडदे लावले. पैसा न लागतां झालेली ही सुधारणा कोणत्याहि नव्या पेटीपेक्षां मोठी ठरली.

एक बारीकसा शब्द राहिला: 'ऑडिओ डिले'. चित्रावर संस्कार करण्यास संचाला कांहीं क्षण लागतात. तेवढ्यांत ध्वनि पुढें निघून जातो व ओंठ मागें पडतात. ज्यांस नीट ऐकूं येत नाहीं ते नकळत ओंठ वाचीत असतात. त्यांची तर पुरती फसगत होते. या कळीनें ध्वनीस सेकंदाचे कांहीं सहस्रांश थांबवितां येतें. तसेंच संचाचा स्वतःचा स्पीकर व बाहेरच्या पेट्या दोन्ही एकदम चालू ठेवूं नयेत. एकच शब्द दोनदां ऐकूं येतो. संचाच्या ज्या एका खांचेवर 'ए. आर. सी.' असें लिहिलेलें असतें, तींत तार बसविली कीं त्याच तारेनें ध्वनि बाहेर येतो व बहुधा एका रिमोटावर काम भागतें.

आठव्या दिवशीं पुतण्यानें व आम्हीं मिळून सर्व कळा पुन्हां लावल्या. काळी पेटी कपाटांतून समईच्या शेजारीं आली. मातोश्रींना हाताला धरून आणलें व तोच चित्रपट पुन्हां लावला. धाकटी नात म्हणाली, "आजोबा, पडदा दोन्हीकडे वायां जातोय." आम्हीं तिला देवघरांतील तसबीर दाखविली आणि विचारलें, "चौकट मोठी मिळाली म्हणून विठोबाला कोणी ओढून रुंद करतें का?" ती पुढें कांहीं बोलली नाहीं. मातोश्री शेवटपर्यंत बसल्या. चित्रपट संपल्यावर त्यांनीं डोळे पुसले व पुतण्यास म्हणाल्या, "आतां खरे तुकोबा आणलेस." ज्यानें हा संच हौसेनें आणला होता, त्याच्याहि डोळ्यांत पाणी आलें.

यांत चमत्कार कांहीं नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. पुढच्याच आठवड्यांत मातोश्रींना कानाच्या डॉक्टरांकडे नेलें. तपासणींत वरच्या कंपनांचें ऐकणें वयोमानानें उतरल्याचें निघालें. डॉक्टरांनीं श्रवणयंत्र दिलें आहे. तें त्या कधीं कानांत ठेवतात, कधीं डबींत. म्हणजे दोष कांहीं कानांत होता व पुष्कळसा आमच्यांत. आधीं यंत्र व खोली नीट करावी, आणि कानाची तपासणीहि टाळूं नये. यांपैकीं एक केलें म्हणून दुसरें सोडूं नये. मात्र वृद्ध माणूस उठून गेलें म्हणजे त्याला वेगळी खोली आणि वेगळा संच देणें, हा सर्वांत सोपा व सर्वांत वाईट उपाय आहे.

आमच्या वाचकांपैकीं कोणी असा संच घेणार असतील, तर त्यांनीं दुकानांत पांच प्रश्न विचारावे. स्वतःचे ठिपके किती? आर. एम. एस. वॅट किती? मधल्या पेटीचा आवाज वेगळा वाढवितां येतो काय? नाईट कळ आहे काय? आणि जुना बोलपट त्याच्या मूळ प्रमाणांत दिसेल काय? सहावा प्रश्न घरीं येऊन विचारावयाचा, आणि तो घरांतल्या सर्वांत वडील माणसाला: "आपल्याला शब्द कळतात ना?"

पुढील महिन्यांत विजेच्या बिलांतील शब्दांचा असाच परामर्श घेण्याचा आमचा विचार आहे. माळ्यावरच्या सतरंज्या तोंवर वाचकांनीं काढून ठेवाव्या.